पटावरच्या मुली आणि वर्गातल्या मुली

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दहावीच्या निकालात दरवर्षी मुलीच बाजी मारतात. मग मुलींच्या शिक्षणात समानता यायची राहिलीय म्हणजे नक्की काय राहिलंय? जगभर ती कशी येणार? आम्ही सातपूरच्या कारखान्यातले काही जण दरवर्षी पेठ-सुरगाण्याकडच्या शाळांत दप्तरं आणि वह्या वाटतो. त्याहून उपयोगाचं काही करता येईल का?"

मी जिल्हा परिषदेत आधी शिक्षिका होते, मग केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारी. नोकरी जवळजवळ सगळी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वरच्या बाजूला गेली. निवृत्त झाले तरी तिकडचं जाणं-येणं थांबलेलं नाही. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते. जगाचे आकडे कसे वाचायचे हेही मी तिथल्या हजेरीपत्रकांवरूनच शिकले.

आधी निकालाचं बघू. २०२४ च्या दहावीत राज्यात मुलींचा निकाल ९७.२१ टक्के लागला आणि मुलांचा ९४.५६. आकडा खराच आहे, पण तो परीक्षेला बसलेल्यांचा. आठवीनंतर जी घरी बसली ती त्यात नापास म्हणूनसुद्धा मोजली जात नाही. परीक्षेला बसणाऱ्यांत मुलग्यांची संख्या दरवर्षी जास्तच असते. मुलींचा जन्मच कमी होऊ दिला जातो हे त्याचं एक कारण आहे, आणि वाटेत गळणाऱ्या मुली हे दुसरं. एवढं सगळं पार करून जी दहावीच्या बाकावर येऊन बसते ती चिवटच असणार. तिला चांगले मार्क पडले यात मला तरी नवल वाटत नाही.

जगाच्या आकड्यांतही अशीच गफलत होते. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवलं की प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणातली मुलामुलींमधली तफावत शक्यतो २००५ पर्यंत मिटवायची. ती मुदत हुकली. २०१५ मध्ये नवी मुदत पडली, २०३० ची. मधल्या काळात काहीच झालं नाही असं मात्र नाही. पहिलीत नाव घालण्यापुरतं बोलायचं तर जगाच्या सरासरीत मुलगे आणि मुली जवळपास बरोबरीला आले आहेत. युनेस्कोच्या २०२३ च्या अंदाजाप्रमाणे शाळेबाहेर सुमारे २५ कोटी मुलं आहेत आणि त्यात मुली १२ कोटी २० लाख, म्हणजे निम्म्याहून थोड्या कमीच. हे वाचून कुणालाही वाटेल की झालं, आली समानता. पण या एकाच बेरजेत अफगाणिस्तान आहे, जिथे सप्टेंबर २०२१ पासून मुलींना सहावीच्या पुढे शाळेत येऊ देत नाहीत आणि डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठंही बंद केली आहेत. त्याच बेरजेत बांगलादेश आहे, जिथे माध्यमिक वर्गांत मुली मुलांपेक्षा जास्त आहेत. दोन्हींची सरासरी काढून हाती काही लागत नाही.

त्यामुळे "जगभर कशी येणार" याचं एकच उत्तर माझ्याकडे नाही. जिथे सरकारनेच दार बंद केलंय तिथला प्रश्न राजकारणाचा आहे, शिक्षकाच्या हातातला नाही. पण जगातल्या बऱ्याच देशांत, आपल्यासकट, कायदा मुलीच्या बाजूने आहे, फी माफ आहे, भिंतीवर घोषणा रंगवलेल्या आहेत, आणि तरी तेरा ते सोळा या वयात मुलगी निसटते. या निसटण्याबद्दल मात्र मला बरंच सांगता येईल.

शाळेच्या कारभारात पट वेगळा आणि हजेरी वेगळी. सलग महिनाभर न आलेलं मूल शाळाबाह्य धरायचं असा नियम आहे. प्रत्यक्षात नाव कमी करायला कुणी धजत नाही, कारण संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवणं, पटावर होते. पट घसरला की शिक्षकाचं पद जातं. म्हणून नावापुढे "सतत गैरहजर" असा शेरा पडतो आणि नाव तिथेच राहतं. मुलगी द्राक्षाच्या बागेत असते आणि कागदावर नववीत. वरच्या अहवालात ती शिकणाऱ्यांमध्ये मोजली जाते, तालुक्याचा आकडा जिल्ह्यात जातो, जिल्ह्याचा राज्यात, आणि शेवटी तोच जगाच्या तक्त्यात जाऊन बसतो. तुम्हाला एखाद्या हायस्कूलची खरी स्थिती बघायची असेल तर मुख्याध्यापकांना पट विचारू नका. नववीच्या हजेरीपत्रकाचं जुलैचं पान आणि फेब्रुवारीचं पान शेजारी शेजारी ठेवायला सांगा. बाकी काही विचारायची गरज पडत नाही.

आता ती निसटते का, ते. "पालकांची मानसिकता" हे उत्तर शहरात फार ऐकू येतं. माझ्या अनुभवात ते निम्मंही खरं नाही. मुलगी शिकू नये असं म्हणणारी आई मला क्वचितच भेटली. मला भेटल्या त्या हिशोब करणाऱ्या आया, आणि त्यांचा हिशोब नववीच्या जूनमध्ये बिघडतो.

कसा ते बघा. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो सहा ते चौदा वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. तिथवर पुस्तकं फुकट, गणवेश मिळतो, दुपारी शाळेत खिचडी असते. नववीला हे सगळं एकदम थांबतं. आपल्या राज्यात मुलींना बारावीपर्यंत फी नाही, ही सवलत ऐंशीच्या दशकापासून आहे आणि तिचं महत्त्व आहेच. पण खर्चात फीचा वाटा सगळ्यात लहान. पुस्तकं, वह्या, गणवेश, चपला, दुपारचा डबा, प्रॅक्टिकलची वही, हे सगळं आता घरातून यायचं. पाड्यावर शाळा बहुतेक चौथी-पाचवीपर्यंतच, सातवी-आठवी मोठ्या गावात, आणि हायस्कूल बाऱ्हे, उंबरठाण, हरसूल, करंजाळी अशा बाजाराच्या गावी. म्हणजे ज्या वर्षी खिचडी बंद होते त्याच वर्षी शाळा लांब जाते, त्याच वर्षी पोर कामाला येण्याइतकी मोठी झालेली असते, आणि त्याच सुमाराला पाहुणे चौकशी करायला लागतात. चारही गोष्टी एकाच उन्हाळ्यात येतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा आहे, पण कायदा अजून चौदावरच अडलेला आहे. मला एकच बदल करायची मुभा दिली तर मी शिक्षणहक्क बारावीपर्यंत नेईन आणि पोषण आहारही त्याच्याबरोबर नेईन. बाकी योजनांचं नंतर बघता येईल.

योजना खूप आहेत, त्यातल्या पुष्कळशा या वयाला चुकवून जातात. दारिद्र्यरेषेखालच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता १९९२ मध्ये सुरू झाला, दिवसाला एक रुपया, आणि तीस वर्षं तो रुपयावरच राहिला. तोही चौथीपर्यंतच. "लेक लाडकी" योजनेत पिवळ्या आणि केशरी कार्डावरच्या घरातल्या मुलीला टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात, त्यातले ८ हजार अकरावीत. योजना चांगली आहे, पण ती १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी. त्यातल्या पहिल्या मुली अकरावीत पोचतील तेव्हा २०३९ साल उजाडलेलं असेल. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. अगदी योग्य निर्णय. तिथपर्यंत पोचणारी मुलगी मात्र आधी बारावी झालेली पाहिजे. आज पंधरा वर्षांची असलेली आणि हायस्कूलपासून नऊ किलोमीटरवर राहणारी पोर या सगळ्यांच्या मधल्या फटीत आहे.

अंतराबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मला तोच सगळ्यात मोठा मुद्दा वाटतो आणि त्याबद्दल जगात चांगला पुरावाही आहे. अफगाणिस्तानातल्या घोर प्रांतात २००७-०८ च्या सुमाराला काही गावांत गावातच शाळा काढल्या आणि शेजारच्या तशाच गावांशी तुलना केली. शाळा गावात आली तिथे पटनोंदणीतली मुलामुलींमधली २१ टक्क्यांची तफावत जवळजवळ मिटली. शाळा मैलभर लांब गेली की पटनोंदणी शंभर मुलांमागे सुमारे १६ नी घटते, आणि मुलींची मुलांपेक्षा जास्त घटते, असंही त्यात दिसलं. लक्षात घ्या, हा तोच देश. तिथल्या बापांना मुली शिकायला नको होत्या असं म्हणायला जागा राहत नाही. दुसरं उदाहरण बिहारचं. २००६ मध्ये तिथे नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. पुढे अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि ही वाढ मुख्यतः शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत होती.

मग इथेही सायकली वाटा, असं लगेच सुचतं. आपल्याकडे राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतातच. पण बिहार सपाट आहे. आमच्याकडे घाट, उतार, पावसाळ्यात वाहून गेलेले रस्ते. पाड्यावरून हायस्कूलला जाताना सायकल निम्मी वाट ढकलावी लागते, आणि दोन-चार महिन्यांत ती भावाकडे जाते. डोंगरात मुलीला लागते ती एसटी. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, मानव विकासच्या निळ्या गाड्याही आहेत. पास आहे, पण गाडी वेळेवर आहे का? शाळा पाचला सुटते आणि शेवटची गाडी पावणेपाचला निघून गेलेली असते, मग मुली शेवटचा तास बुडवतात. तो तास बऱ्याचदा गणिताचा किंवा विज्ञानाचा असतो. हिवाळ्यात सहानंतर अंधार पडतो, फाट्यावर उतरून पाड्यापर्यंत दोन-तीन किलोमीटर चालायचं. एखाद्या दिवशी कुणी टवाळ मोटारसायकल आडवी घालतो. पोर घरी सांगत नाही, कारण सांगितलं की शाळाच बंद होणार हे तिला माहीत असतं.

एसटीवर हे किती अवलंबून आहे ते करोनानंतर दिसलं. मार्च २०२० पासून शाळा बंद. ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्ग सुरळीत सुरू झाले न झाले तोच महिन्याच्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. मुलगे कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून, टेम्पोला लटकून शाळेत पोचत होते. मुलींना ते कोण करू देणार? माझ्या ओळखीच्या हायस्कूलांत त्या वर्षी ज्या मुली आल्या नाहीत, त्यातल्या बऱ्याच पुढच्या जूनमध्येही आल्या नाहीत.

म्हणूनच २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्यामागचा युक्तिवाद अगदीच फोल नाही. दोन शिक्षक आणि चार वर्ग अशा शाळेत शिकवणं कठीण असतं, ते मी केलंय. पण जवळची शाळा गेली की पहिली घरी बसते ती मुलगी. आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीच्या पोरांनी शाळा बंद होते म्हणून शेळ्या घेऊन जिल्हा परिषदेवर मोर्चा काढला होता. घोषणा होती "दप्तर घ्या, बकऱ्या द्या". पुढे काय करावं लागणार हे पोरांनी स्वतःच सांगून टाकलं होतं.

दुसरी गोष्ट हंगामाची. दसरा-दिवाळीच्या पुढे-मागे आमच्या पाड्यांवरून टोळ्या दिंडोरी-निफाडकडे निघतात. ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षाचं काम सुरू होतं, मग डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), आणि जानेवारीनंतर खुडा. त्याच्या जोडीला कांद्याची लावणी आणि काढणी. बरंचसं काम उक्तं घेतलेलं असतं, एकराच्या दराने. उक्त्या कामात हजेरी माणशी लागत नाही, त्यामुळे वय विचारायचा प्रश्नच येत नाही. जितके हात जास्त तितकं काम लवकर उरकतं आणि पुढची बाग मिळते. तेरा वर्षांच्या मुलीची बोटं थिनिंगला मोठ्या माणसापेक्षा चपळ चालतात, हे मुकादमाला पक्कं ठाऊक असतं.

एकदा दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेत आमच्या केंद्रातल्या मुलींना शोधत गेले होते. सातवीतली एक जण हातात द्रावणाचा मग घेऊन घड बुडवत चालली होती. एका मगात किती घड निघतात, ओळीला किती मग लागतात, दुपारपर्यंत किती ओळी होतील, हे सगळं ती मला तोंडी सांगत होती. एकदाही अडखळली नाही. वर्गात हिला त्रैराशिक येत नाही असं तिच्या गुरुजींचं म्हणणं होतं. तिच्या आईने मला चहा दिला आणि म्हणाली, "बाई, पोरीला तिकडं कोणाच्या भरवशावर ठेवू? म्हातारीला दिसत नाही." यात मानसिकतेचा प्रश्न कुठे आला? त्या बाईला रात्री मुलीला सांभाळणारं माणूस हवं होतं.

याच्यावर उपाय माहीत आहेत. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवता येतं, तशी तरतूद आहे. बाहेरगावी गेलेल्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देऊन तिथल्या शाळेत बसवता येतं. दोन्ही गोष्टी मनापासून केल्या की चालतात, मी चाललेल्या पाहिल्यात. पण वसतिगृह उशिरा मंजूर होतं, तोवर टोळी निघून गेलेली असते. आणि हेही आठवीपर्यंतच. नववीतल्या मुलीसाठी यातलं काहीच नाही. सगळ्यात गरिबांची स्थिती याहून वाईट. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीवरची लहान मुलं थोड्या पैशांच्या आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघड झालं, ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. त्यात मुलीही होत्या.

लग्नाचं बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. युनिसेफच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे १ कोटी २० लाख मुलींची लग्नं अठराच्या आत होतात. आपल्या राज्यात, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पुरी व्हायच्या आत झालेलं होतं. साधारण पाचातली एक. लोकांना वाटतं लग्नामुळे शाळा सुटते. मी बहुतेक वेळा उलटं होताना पाहिलंय. शाळा आधी सुटते, पोर वर्षभर घरी बसते, मग आईबाप म्हणतात आता हिला ठेवून करायचं काय. शाळेत जाणाऱ्या मुलीचं स्थळ पुढे ढकलायला बापाला चारचौघांत कारण मिळतं, "शिकतेय अजून." हे कारण काढून घेतलं की तो एकटा पडतो.

बांगलादेशाने १९९४ मध्ये हेच ओळखून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेतल्या मुलींना देशभर विद्यावेतन सुरू केलं. अटी तीन होत्या: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण, आणि लग्न न करणं. आज तिथल्या माध्यमिक शाळांत मुली पुढे आहेत त्यात या योजनेचा वाटा मोठा आहे. बालविवाहाचं प्रमाण मात्र तिथे अजूनही फार आहे, तेव्हा पैसे दिले की सगळं सुटतं असंही नाही.

आपल्याकडे गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ वर फोन करता येतो. जरूर करावा. पण मांडव पडल्यावर पोलीस आले की लग्न मोडत नाही, जागा बदलते. सुरगाण्याहून गुजरातची हद्द किती लांब आहे? खरं काम आधीच्या दोन-तीन महिन्यांचं. वर्गशिक्षिकेला चाहूल सगळ्यात आधी लागते. वर्षाच्या मध्येच कुणी दाखला मागायला येतो, आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करायची म्हणून बोनाफाईड मागतो, मैत्रिणी कुजबुजतात. त्या क्षणी मुलीची वसतिगृहातली जागा पक्की करून दिली तर निम्मी लढाई जिंकली. आणि लग्न झालंच, तर? सिएरा लिओनमध्ये २०२० पर्यंत आणि टांझानियात २०२१ पर्यंत गरोदर मुलींना सरकारी शाळेत बसूच देत नव्हते. आपल्याकडे असा कुठलाही नियम नाही. तरी मंगळसूत्र घातलेली मुलगी वर्गात आली की "बाकीच्या बिघडतील" म्हणणारे मुख्याध्यापक मी पाहिलेत. त्यांना नियम दाखवायला सांगावं. ते दाखवू शकत नाहीत.

सॅनिटरी पॅडबद्दल हल्ली देणगीदार फार विचारतात. नेपाळमधल्या चितवनमध्ये मुलींना पाळीसाठी कप देऊन बघितलं, हजेरीत फरक पडला नाही. मुळात पाळीमुळे बुडणारे दिवसच फार थोडे निघाले. पॅड द्यायला माझी हरकत नाही, ती मुलीची सोय आहे, आणि सोय हवीच. पण त्याने गळती थांबेल अशी आशा ठेवू नका. शौचालयाच्या दाराला आतून कडी आणि टाकीत पाणी, एवढं बघितलंत तरी मुली दुवा देतील.

एक गोष्ट राहिली होती. याच जिल्ह्यात मालेगावला गेलात तर चित्र उलटं दिसेल. तिथे मुलगे चौदा-पंधराव्या वर्षीच यंत्रमागावर नाहीतर गॅरेजात लागतात, आणि वरच्या वर्गांत मुलींची गर्दी असते. मुस्लिम मुली शिकत नाहीत असं ठाम बोलणाऱ्यांनी एकदा तिथे शाळा सुटायच्या वेळी उभं राहावं. समानता म्हणजे प्रत्येक ठिकाणी मुलीच मागे असणार असं धरून चालणं नव्हे. कोण, कुठल्या वर्गात आणि कशामुळे गळतंय ते त्या त्या गावात बघावं लागतं.

आता तुमच्या गटाचं. वह्या-दप्तरं वाईट नाहीत, पण ती जातात पहिली ते पाचवीच्या मुलांकडे, आणि तिथे बऱ्याच शाळांत तुमच्या आधी आणखी तीन गट येऊन गेलेले असतात. एकाच घरी चार दप्तरं खुंटीला लटकलेली मी पाहिली आहेत. दहा शाळा करू नका. एकच हायस्कूल घ्या आणि ते तीन-चार वर्षं धरून ठेवा. त्या हायस्कूलला जोडलेल्या शाळांतून आठवी पास झालेल्या मुलींची यादी मे महिन्यात घ्या. जुलैच्या मध्याला त्यातली कोण नववीत दिसत नाही ते बघा आणि तिच्या घरी जा. हे काम नाशिकहून रविवारी येऊन जमणारं नाही. त्याच भागातली बारावी किंवा पदवी झालेली मुलगी मानधनावर नेमा. तिला बोली येते, आत्या-मावशीच्या नात्याने ती चुलीपर्यंत जाते, आणि शिकलेली मुलगी म्हणजे काय ते घरच्यांना समोर दिसतं. तुमच्या सगळ्या खर्चात हा सगळ्यात कामाचा खर्च असेल. दप्तरांसारखा त्याचा फोटो काढता येत नाही, एवढं सांभाळून घ्या.

दुसरं, गाडीची वेळ. मुख्याध्यापकांचं पत्र, मुलींची नावं आणि गावं, शाळा सुटायची वेळ, हे सगळं घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटा. पंधरा मिनिटं गाडी मागे घ्यायला पैसा लागत नाही, पाठपुरावा लागतो. गावकऱ्यांच्या अर्जाला जे उत्तर मिळत नाही ते कारखान्याच्या लेटरहेडला मिळतं. हे बरोबर नाही, पण आहे, तर वापरा.

तिसरं, कागदपत्रं. तालुक्याच्या गावी आदिवासी विकास आणि समाजकल्याण विभागाची मुलींची वसतिगृहं आहेत. जागा असूनही अर्ज अडतो तो जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं किंवा आधारवरचं नाव यातल्या कशावर तरी. बापाचं नाव शाळेत एक आणि रेशनकार्डावर दुसरं, हे तर घरोघरी. अर्ज भरायच्या दिवसांत आईबाप नुकतेच हंगामावरून आलेले असतात, तोवर सेतू केंद्रात रांगा लागलेल्या. म्हणून कागद दिवाळीच्या आधी, टोळी निघायच्या आत करून ठेवायचे. तुमच्यातला एखादा जण ऑफिसच्या कामात तरबेज असेल, त्याला याच्यावर बसवा. वसतिगृह सुचवण्याआधी तिथे अधीक्षिका मुक्कामाला राहते का, ते स्वतः जाऊन बघा. आई पहिला प्रश्न तोच विचारते आणि तो योग्यच आहे. जागा न मिळालेल्या चार-पाच मुलींसाठी हायस्कूलच्या गावात खोली घेऊन सोबतीला एखाद्या आजीबाईला ठेवणं हाही चालणारा मार्ग आहे. मात्र त्याचा कारभार मुलींच्या आयांच्या हाती हवा, आणि तुमच्या गटातल्या पुरुषांनी तिथे मुक्काम करायचा नाही.

ज्यांची शाळा आधीच सुटली आहे त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे, खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसता येतं. लग्न झालेल्या मुलीलाही. त्याच्या तारखा पावसाळ्याच्या दिवसांत येतात आणि लावणीच्या धांदलीत निघून जातात, त्यामुळे त्या हायस्कूलमध्ये विचारून आधीच लिहून ठेवा.

पहिल्या भेटीला त्या गावच्या बाजाराच्या दिवशी जा. सकाळी मुख्याध्यापकांकडे नववीच्या हजेरीची ती दोन पानं बघून घ्या आणि दुपारी बाजारात थांबा. पाड्यापाड्यांवरच्या आया तिथे एकत्र भेटतात. तुमच्या बरोबर निदान दोन बायका असू द्या, नाहीतर सगळं बोलणं सरपंचच करतील.